पाण्याची पहिली ओळख

पोहणे ही शरीराची कला खरी; परंतु दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तिचा आरंभ हातापायांपासून नव्हे, विश्वासापासून होतो. आपल्याकडील जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. पाठीला सुकलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचे! या रीतीने पुष्कळ जण पट्टीचे पोहणारे झाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती पोरे जाणती असत. नुकते चालू लागलेल्या मुलाला अशा धक्क्याने पोहणे येत नाही. भीती मात्र बसते.

मग इतक्या लहानपणी पाण्याशी ओळख करून द्यावीच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकलेले मूल तोल जाऊन आत पडले, तर त्याला स्वतः वर येता येत नाही. शिवाय बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली असे मत दिले की, एक वर्षानंतर पुष्कळ मुलांना पोहण्याचे शिक्षण सुरू करता येते. त्याआधीच्या शिक्षणाने बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. तान्हे मूल पाण्यात आपोआप श्वास रोखते, ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय. ती काही महिन्यांत ओसरते. तिला पोहणे समजू नये.

पहिला धडा न्हाणीघरातच द्यावा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून मगच खांद्यावर तांब्याभर पाणी ओतावे. आता पाणी येणार, हे मुलाला कळू लागते. पुढे पाण्यावर फुंकर मारून बुडबुडे काढायला शिकवावे. फुंकणाऱ्या तोंडात पाणी शिरत नाही. तलावात उतरताना मुलाला छातीशी धरावे. पाणी कोमट, सुमारे ३२ अंश सेल्सिअसचे असावे. ओठ निळसर दिसले किंवा मूल कुडकुडू लागले की लगेच बाहेर काढावे. त्यानंतर त्याचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून उताणे तरंगवावे. शेवटी सर्वांत मोलाचा धडा : पाण्यात पडल्यावर मागे वळायचे आणि काठ धरायचा. रडणाऱ्या मुलाला बळेच बुचकळू नये. एकदा मोडलेला विश्वास पुन्हा जोडायला फार दिवस लागतात.

तथापि येथेच एक धोका आहे. मूल धीट झाले की आईबाप निर्धास्त होतात. धीटपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, आणि हवा भरलेली रबरी कडी म्हणजे राखणदार नव्हे. म्हणून ‘आईबाबांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही’ हा नियम पोहण्याइतकाच कसोशीने शिकवावा. मूल पाण्यात असेतोवर मोठ्या माणसाने हात पोहोचेल इतक्या अंतरावरच राहावे, आणि त्या वेळी दुसऱ्या कशातही लक्ष घालू नये. घरी बादली रिकामी करून पालथी घालावी, हौदावर झाकण ठेवावे. मुलाने पाण्यावर विश्वास टाकावा हे योग्यच. आईबापांनी मात्र तो टाकू नये.