एकाच संकुलात अख्खं शहर: चीनमध्ये हे कसं घडलं?

घर, ऑफिस, मॉल, हॉटेल आणि खाली मेट्रो, सगळं एकाच ठिकाणी! चीनच्या मोठ्या शहरांत अशी संकुलं भरपूर आहेत. ती कशी आली, ते मी थोडक्यात सांगतो.

माओच्या काळात शहरातले बरेच लोक 'दानवेई'त राहायचे. म्हणजे काम, घर, खाणावळ, दवाखाना एकाच कंपाउंडच्या आत. १९९८ मध्ये सरकारने नोकरीसोबत घर देणं थांबवायचं ठरवलं. मग लोक फ्लॅट विकत घेऊ लागले आणि बिल्डरांना मोठी संधी मिळाली.

वांडा कंपनीचा फंडा सोपा होता: आजूबाजूचे फ्लॅट आणि दुकानं विकायची, त्या पैशातून मॉल बांधायचा आणि तो स्वतःकडे ठेवून भाडं कमवायचं. हेच मॉडेल शहरोशहरी गेलं. चोंगचिंगच्या रॅफल्स सिटीत तर आठ टॉवर आहेत आणि त्यातल्या चार टॉवरच्या माथ्यावर ३०० मीटर लांब आडवी इमारत!

पुढे खरेदी मोबाईलवर गेली, तसे मॉलवाले खाणं, सिनेमा, मुलांचे क्लासेस यांवर भर देऊ लागले. पैसे मात्र क्यूआर कोडने. काही दुकानं रोख नाकारू लागली, तेव्हा २०१८ मध्ये चीनच्या केंद्रीय बँकेला तसं न करण्याची सूचना काढावी लागली.

मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दानवेईत राहायला नोकरी लागायची. इथे दार सगळ्यांना उघडं दिसतं, पण आजोबांकडे स्मार्टफोन नसेल तर ते साधा चहा तरी घेऊ शकतील का?