स्थळप्रत कुणाकडे?

इंटरनेट गेले की सगळे ठप्प, अशी आपली ठाम समजूत आहे. ब्राउझरमध्ये लिहिलेले सारे दूरच्या कुठल्या तरी संगणकात असते आणि जोडणी तुटली की आपण कोरडे! पण हे पूर्णपणे खरे नाही. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकातला ब्राउझरही जोडणीवाचून काम करू शकतो. मात्र ते काम कुणाच्या भरवशावर चालते, हे पाहून ठेवावे.

मी नोकरी केली बँकेत. त्या काळी शाखेतली खाती शाखेच्याच लेजरमध्ये असत. मुख्य कार्यालयाचा फोन लागो वा न लागो, काउंटरवरचे काम अडत नसे. ताळमेळ मागाहून होई. ब्राउझरची रीत तशीच आहे. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये 'सर्व्हिस वर्कर' नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवते. तो लागणारी पाने आधीच साठवतो आणि जोडणी नसली की तीच काढून देतो. आपण टंकलेला मजकूर बहुधा 'इंडेक्स्ड डीबी' या कोठारात राहतो. जोडणी आली की वर जातो.

ही व्यवस्था एका दमात आली नाही. 2007 साली गूगलने 'गियर्स' काढले. 2011 मध्ये ते क्रोममधून गेले. मग आलेली 'ॲप कॅश' इतकी हट्टी, की संकेतस्थळ बदलले तरी जुनीच पाने दाखवी. 2021 मध्ये क्रोमने तिलाही निरोप दिला. सर्व्हिस वर्कर क्रोममध्ये 2015 साली आला, फायरफॉक्समध्ये 2016 साली.

लिनक्स वापरणाऱ्यांची गफलत होते ती चिन्हापाशी. क्रोम किंवा क्रोमियममधून असे संकेतस्थळ 'इन्स्टॉल' केले, की मेनूत त्याचे चिन्ह दिसते. 'लिनक्स मिंट'ने तर जानेवारी 2021 च्या 20.1 आवृत्तीत त्यासाठी 'वेब ॲप मॅनेजर' दिला. पण चिन्ह आले म्हणजे जोडणीविना चालण्याची सोय आली, असे नव्हे! ती सोय संकेतस्थळ बनवणाऱ्याने करावी लागते. गूगल डॉक्सचेच पाहा. त्यांची ऑफलाइन सोय क्रोम आणि एजमध्ये आहे, फायरफॉक्समध्ये नाही. शिवाय ती जोडणी असतानाच चालू करून ठेवावी लागते.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे कोठार म्हणजे तिजोरी नव्हे. 'साइट डेटा' पुसला की तेही पुसले जाते. खासगी खिडकीत लिहिलेले ती बंद होताच जाते. डिस्क भरत आली, तर ब्राउझर आपल्याला न विचारताही कोठार रिकामे करू शकतो. वर न पोचलेले प्रकरण त्यात असेल, तर दाद कुणाकडे मागणार?

सरकारी कचेरीत पत्र पाठवताना त्याची एक प्रत दप्तरी ठेवतात. तिला स्थळप्रत म्हणतात. आपणही तेच करावे. वायफाय बंद करून, ब्राउझर एकदा बंद करून पुन्हा उघडावा आणि आपले लेखन दिसते का ते पाहावे. दिसले तरी दिवसाअखेरी त्याची वेगळी फाइल आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ती फाइल ब्राउझरच्या साफसफाईत जात नाही.