वेधशाळेची नोंदवही आणि घरचा सर्व्हर

चेन्नईच्या नुंगंबाक्कम या भागात, कॉलेज रस्त्यावरील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक स्तंभ जपून ठेवलेला आहे. सुमारे १५ फूट उंच आणि १० टन वजनाच्या या स्तंभावर मद्रास वेधशाळेचे पहिले वेधयंत्र बसविले होते. वेधशाळेचा आरंभ मात्र या जागी झाला नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी विल्यम पेट्री याने १७८६ साली एगमोर येथील आपल्या राहत्या घरी, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या हौसेखातर काही यंत्रे मांडली होती. पुढे कंपनीने तो संसार आपल्याकडे घेतला आणि १७९२ मध्ये मायकेल टॉपिंग याच्या देखरेखीखाली नुंगंबाक्कम येथे त्यासाठी इमारत उभी राहिली. जॉन गोल्डिंगहॅम याने १७९६ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला.

पेट्रीच्या घरगुती वेधशाळेचे स्मरण होण्यास आज एक निराळेच निमित्त आहे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील अनेक अभियंत्यांना अलीकडे घरी स्वतःचा सर्व्हर चालविण्याचा छंद जडला आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या पुरविण्यासाठी अहोरात्र चालू राहणारा संगणक. तो अवाढव्य असावा लागतो, हा समज खरा नाही. जुना लॅपटॉप किंवा पुस्तकाएवढ्या पेटीत मावणारे यंत्र या कामास पुरते. त्यावर कोणी घरातील छायाचित्रे ठेवतो, कोणी ग्रंथसंग्रहाची सूची, कोणी विजेच्या वापराचा हिशेब. परंतु छंदाचे खरे मोल या सोयींत नाही. कार्यालयातील हजारो यंत्रांच्या आड जी गोष्ट झाकली जाते ती घरच्या एकाच दुबळ्या यंत्रावर उघडी पडते. माहिती साठविणे हे एक काम आहे आणि साठविलेल्या माहितीतून वेळेवर उत्तर काढणे हे अगदी वेगळे काम आहे.

उदाहरण घेऊ. समजा, नुंगंबाक्कममधील एका अभियंत्याने आपल्या गच्चीवर तापमान, आर्द्रता, वायुदाब आणि पाऊस मोजणारी साधने बसविली आहेत आणि दर मिनिटाला एक नोंद त्याच्या सर्व्हरवर जाते. वर्षात ५,२५,६०० मिनिटे असतात. दहा वर्षांत साडेबावन्न लाखांहून अधिक नोंदी होतील. प्रत्येक नोंदीत वेळेसाठी ८ बाइट आणि चार मापनांसाठी प्रत्येकी ४ बाइट धरले, तर एक नोंद २४ बाइटांची होते आणि दहा वर्षांची सारी विदा सव्वाशे मेगाबाइटांत मावते. आजच्या मानाने हा साठा नगण्य आहे. तेव्हा साठवणीची चिंता करण्याचे कारण नाही, असे वाचकास वाटेल, आणि ते खरेही आहे. अडचण पुढे येते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या फिरत असतात. नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती नोंद वाचण्यासाठी वाचकशीर्षाची भुजा आधी योग्य वर्तुळावर न्यावी लागते आणि मग ती नोंद फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. भुजा सरकण्यास सरासरीने ८ सहस्रांश सेकंद आणि अर्ध्या फेऱ्यास ४ सहस्रांश सेकंद, मिळून सुमारे १२ सहस्रांश सेकंद जातात. एका नोंदीसाठी हा काळ कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु साडेबावन्न लाख नोंदी डिस्कभर विखुरलेल्या असतील आणि प्रत्येकीसाठी भुजा नव्याने हलवावी लागत असेल, तर सगळ्या वाचण्यास साडेसतरा तास लागतील. त्याच नोंदी एकापुढे एक सलग लिहिलेल्या असतील तर सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने वाचणारी तीच डिस्क एका सेकंदाच्या आत काम संपविते. यंत्र तेच, नोंदीही त्याच. भेद केवळ मांडणीचा.

तबकडीऐवजी इलेक्ट्रॉनिक स्मृतिपेशी वापरणाऱ्या नव्या साठवणयंत्रांत भुजा नसते. तेथे एक नोंद शोधण्यास सुमारे एक दशसहस्रांश सेकंद लागतो, म्हणजे एकामागून एक असे ते विखुरलेले वाचन नऊ मिनिटांत होईल. साडेसतरा तासांच्या तुलनेत ही चैनच म्हणायची. पण नऊ मिनिटे आणि एक सेकंद यांतील अंतरही काही थोडे नाही. महागडे यंत्र आणून मांडणीचा दोष झाकता येतो, घालविता येत नाही.

नोंदी विखुरतात कशा, हे समजण्यासाठी पुन्हा वेधशाळेकडे वळणे इष्ट आहे. नॉर्मन पॉगसन हा १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत वेधशाळेचा प्रमुख होता. त्याच्या काळात, १८६२ ते १८८७ या पंचवीस वर्षांत, याम्योत्तर वेधयंत्राने तारकांचे पन्नास हजारांच्या आसपास वेध घेण्यात आले. यांतील पुष्कळसे परिश्रम भारतीय साहाय्यकांचे होते. त्यांच्यापैकी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली रेटिक्युलम तारकासमूहातील एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला होता. वेध घेताना नोंद वहीत उतरते ती रात्रीच्या क्रमाने. ज्या ताऱ्याने याम्योत्तर वृत्त ओलांडले त्याची वेळ व उंची टिपायची, मग पुढचा तारा. वहीत मागे जाऊन काही बदलायचे नाही, केवळ पुढे लिहीत जायचे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याहून जलद पद्धत नाही.

परंतु खगोलशास्त्रज्ञ विचारणार तो प्रश्न रात्रीचा नसतो, ताऱ्याचा असतो. अमुक ताऱ्याचे नेमके स्थान कोणते? त्या ताऱ्याचे वेध पंचवीस वर्षांच्या वह्यांत कोठे कोठे विखुरलेले असणार. ते सर्व गोळा करायचे, प्रत्येकातून वातावरणातील वक्रीभवनाचा व यंत्राच्या दोषांचा परिणाम वजा करायचा, अयनचलन लक्षात घेऊन सर्वांना एकाच काळाच्या मापावर आणायचे आणि मग विषुवांशाच्या क्रमाने यादी करायची. तीच तारकासूची. मद्रासमध्येच टी. जी. टेलर याने १८४४ साली ११,०१५ ताऱ्यांची अशी सूची सिद्ध केली होती आणि युरोपात तिचा आदर झाला. पॉगसनच्या काळी मात्र वह्या भरत गेल्या आणि गणिते मागे पडली. त्याच्या वेधांचे खंड १८८० नंतरच्या दशकाअखेरीस निघू लागले आणि हे काम चार्ल्स मिची स्मिथ याला पॉगसनच्या मृत्यूनंतर पुरे करावे लागले. आठ खंड झाले, पाच हजारांहून अधिक ताऱ्यांची सूचीही झाली. पण काही वेधांना छापील रूप मिळण्यास पाव शतकाहून अधिक काळ लोटला. पॉगसनच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या रात्री जागून त्याच्या साहाय्यकांनी हे वेध घेतले त्या रात्रींचे फळ इतका काळ वह्यांत अडकून राहावे, ही खेदाची गोष्ट होय.

घरच्या सर्व्हरवर हीच दोन रूपे दिसतात. आलेली नोंद क्रमाने शेवटी जोडणारी वही आणि प्रश्नाच्या क्रमाने रचलेली सूची. संगणकातील सूचीची सर्वात प्रचलित रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत बसविली. तिला बी-वृक्ष म्हणतात. वृक्षाच्या प्रत्येक पेऱ्यातून शेकडो फांद्या फुटतात. दोनशे फांद्या धरल्या तर तीन पायऱ्यांत ऐंशी लाख नोंदींपर्यंत पोचता येते. म्हणजे साडेबावन्न लाखांतील कोणतीही एक नोंद तीन-चार वेळा डिस्कवर जाऊन हाती येते. मात्र सूची फुकट मिळत नाही. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर प्रत्येक सूचीही दुरुस्त करावी लागते, आणि नवशिके उत्साही लोक दिसेल त्या रकान्यावर सूची बांधून लेखनाची गती बुडवितात. प्रश्न कोणता विचारला जाणार, हे आधी ठरविल्याशिवाय सूची बांधू नये.

लेखनासंबंधी आणखी एक बाब हिशेबाने पाहण्यासारखी आहे. वीज गेली तरी नोंद राहावी म्हणून सर्व्हर प्रत्येक व्यवहारानंतर विदा खरोखर डिस्कवर उतरली की नाही याची खात्री करून घेतो आणि त्यासाठी निदान तबकडीचा एक फेरा थांबतो. जुन्या साडेबावन्न लाख नोंदी एकेक करून भरल्या तर नुसत्या थांबण्यात बारा तास जातील. दहा-दहा हजारांच्या गठ्ठ्याने भरल्या तर थांबणे पाच सेकंदांपुरते उरते.

मोजणीच्या बाबतीतही सावध असावे. एकदा वाचलेली विदा संगणक आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो, म्हणून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की उत्तर क्षणात येते आणि अभियंता स्वतःवर खूष होतो. यंत्र नुकतेच सुरू केले असता पहिल्या प्रश्नास किती वेळ लागला, तो आकडा खरा.

उत्तर जलद मिळाले तरी बरोबर असेलच असे नाही. ‘दिवसाचा पाऊस’ ही साधी वाटणारी कल्पना घ्या. दर मिनिटाच्या नोंदींवरून प्रत्येक दिवसाची बेरीज एकदाच करून वेगळी ठेवली, तर दहा वर्षांसाठी साडेतीन हजारांच्या वर थोड्याच ओळी होतात आणि लाखो नोंदी पुन्हा चाळाव्या लागत नाहीत. पण दिवस कोणता? भारतीय हवामान खाते सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असा दिवस धरते. १ डिसेंबर २०१५ रोजी ज्या पावसाने चेन्नई बुडविली तो नुंगंबाक्कमच्या तक्त्यात २ डिसेंबरच्या तारखेस, २९ सेंटिमीटर म्हणून दिसतो. मध्यरात्रीपासून बेरीज करणाऱ्याचा आकडा खात्याच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि दोष यंत्राचा नसेल. जुन्या नोंदी घ्याव्यात तर १९०६ पूर्वीचे मद्रासचे घड्याळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या नऊ मिनिटे मागे होते. मुंबईचे तर एकोणचाळीस. म्हणून वेळ साठविताना ती कोणत्या प्रमाणाची हे तिच्यासोबत लिहिलेच पाहिजे.

मूळ नोंद आणि तिच्यावरून काढलेले मूल्य वेगवेगळे का ठेवावे, याचेही उत्तर नुंगंबाक्कमच्या इतिहासात आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मद्रास वेधशाळेचे रेखांश आधारभूत मानले. १८१५ साली स्वीकारलेले मूल्य पुढे तारायंत्राच्या साहाय्याने तपासले तेव्हा सुमारे अडीच कलांनी अधिक निघाले. जमिनीवर हे अंतर चार किलोमीटरांहून जास्त भरते. तरी सर्वेक्षण वाया गेले नाही. कोन आणि अंतरे यांची मोजणी स्वतंत्र होती, चूक एका आरंभीच्या आकड्यात होती. नकाशांवर एक वजाबाकीची सूचना छापून भागले. सूची, बेरजा, सारांश ही सर्व पुन्हा बनविता येतात. मूळ मापन हरवले तर पुन्हा मिळत नाही.

ते हरवू नये म्हणून प्रतीची व्यवस्था लागते. एकाच यंत्रात दोन डिस्क जोडून दोहोंवर एकदम लिहिणे म्हणजे प्रत नव्हे. एकीवरील नोंद चुकून पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय चेन्नईत २०१५ चा पूर, डिसेंबर २०१६ मधील वरदा आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग ही वादळे येऊन गेली आहेत. तळमजल्यावरील पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही डिस्क एकाच पाण्यात जातील. एक प्रत दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे असावी. हवामान खात्याचे राष्ट्रीय विदा केंद्र पुण्यात आहे. नुंगंबाक्कमच्या नोंदीही समुद्रापासून दूर अशा त्या शहरी जतन होतात. आणि वर्षातून एकदा तरी ती दूरची प्रत आणवून रिकाम्या यंत्रावर पूर्ण उतरवून पाहावी, त्यास किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजावे आणि तो आकडा प्रतीसोबतच लिहून ठेवावा.