नकाशातील वस्तूंचे तोंड कोणीकडे?

एखादी वस्तू कोठे आहे हे सांगणे, हे नकाशाचे पहिले काम होय. ती वस्तू कोणीकडे तोंड करून उभी आहे हे सांगणे, हे दुसरे काम. पहिल्या कामाकडे आपले लक्ष सहज जाते. दुसऱ्याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. रस्त्याच्या कडेची सूचनाफलकाची पाटी, चौकातील निगराणी कॅमेरा, उद्यानातील बाक, घाटमाथ्यावरील प्रेक्षणीय स्थळ या सर्वांना स्थान आहे, तशीच दिशाही आहे. पाटी योग्य जागी असूनही तिचे तोंड उलट दिशेस नोंदले गेले, तर तिची सूचना नेमक्या चुकीच्या वाहनाला लागू होते. संगणकावरील नकाशांवरून आज रुग्णवाहिकेचा मार्ग ठरविला जातो. यास्तव ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

संगणकावर नकाशा तयार करताना ही दिशा कशी नोंदवितात आणि ती डोळ्यांना दिसावी म्हणून कोणती योजना केलेली असते, याची माहिती येथे देण्याचा हेतू आहे. उदाहरणादाखल ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जागतिक नकाशा घेऊ. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात व तो सर्वांना वापरण्यास खुला आहे. त्यात भर घालण्यासाठी अनेक संपादन-प्रणाली आहेत. ‘जॉसम’ ही संगणकात स्वतंत्रपणे बसविण्याची, तर २०१३ साली उपलब्ध झालेली ‘आयडी’ ही इंटरनेटच्या पानावरच चालणारी प्रणाली होय.

दिशा नोंदविण्याच्या दोन रीती

पहिली रीत निरपेक्ष दिशेची. उत्तर म्हणजे ० अंश धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत जावयाचे. पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंश. आपल्या परंपरेतील उपदिशाही या मापात नेमक्या बसतात. ईशान्य ४५, आग्नेय १३५, नैर्ऋत्य २२५ आणि वायव्य ३१५ अंश. बाकाची दिशा म्हणजे त्यावर बसलेला माणूस जिकडे पाहतो ती, आणि पाटीची दिशा म्हणजे तिची अक्षरे जिकडे तोंड करून आहेत ती. येथे नवशिक्याचा घोटाळा होतो. पूर्वेकडे जाणाऱ्या वाहनचालकाने वाचावयाच्या पाटीचे तोंड पश्चिमेकडे असते. म्हणून तिची नोंद ९० नव्हे, तर २७० अंश अशी करावी लागते.

काही ठिकाणी एकच अंश पुरत नाही. महाबळेश्वरच्या अक्षांशावर सूर्यास्ताची दिशा वर्षभरात सुमारे २४५ ते २९५ अंशांच्या दरम्यान सरकते. सूर्यास्त पाहण्याच्या स्थळाची नोंद करताना एका अंशाऐवजी असा ‘पासून-पर्यंत’ पल्लाही देता येतो.

दुसरी रीत सापेक्ष दिशेची. संगणकावर रस्ता ही एक रेषा असते आणि प्रत्येक रेषेला आरंभ व शेवट असतो. ती ज्या क्रमाने रेखाटली, तो क्रम संगणक जपून ठेवतो. रस्त्यावरील ‘थांबा’ ही सूचना रेषेच्या क्रमाने जाणाऱ्या वाहनांसाठी असेल तर ‘पुढे’, आणि उलट येणाऱ्यांसाठी असेल तर ‘मागे’ या अर्थाचा शब्द नोंदवितात. पुढे रस्त्याचे वळण नकाशात दुरुस्त केले, तरी ही नोंद आपोआप योग्य राहते; अंशांची नोंद मात्र पुन्हा तपासावी लागते.

याउलट, कोणी रेषेचा क्रमच उलटा केला, तर अंशांतील नोंद जशीच्या तशी खरी राहते आणि ‘पुढे-मागे’ची नोंद खोटी ठरते. म्हणून रेषा उलटविताच ‘आयडी’ अशा शब्दांची अदलाबदल स्वतः करते, तर ‘जॉसम’ संपादकापुढे बदलांची यादी ठेवून संमती विचारते. एकेरी वाहतुकीचा रस्ताही सामान्यतः रेषेच्या क्रमावरूनच ओळखला जातो. क्रम चुकला की मार्ग दाखविणारी यंत्रणा वाहनाला समोरून येणाऱ्या वाहतुकीत घालू शकते.

रेषेची उजवी व डावी बाजू

रेषेच्या क्रमाला आणखीही अर्थ दिलेले आहेत. नदी किंवा ओढा पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने रेखाटावा, असा नियम आहे. त्यानुसार गोदावरीची रेषा त्र्यंबकेश्वराकडून पूर्वेस जावयास हवी. समुद्रकिनारा रेखाटताना जमीन डाव्या हातास व पाणी उजव्या हातास ठेवावयाचे असते. कडा रेखाटताना खोलगट बाजू उजवीकडे येते. कोकणचा किनारा आणि सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा या दोहोंना हा नियम लावून पाहावा. दोन्ही रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडेच काढाव्या लागतील, कारण तसे जाताना समुद्र व कोकणची सखल भूमी उजव्या हातास येते. शाळेतील भूगोलाच्या तासाला हा प्रयोग फळ्यावर सहज करून दाखविता येईल.

दिशा डोळ्यांना कशी दिसते?

नुसता ‘२७०’ हा आकडा वाचून चूक लक्षात येत नाही. आकृती पाहिली की ती तत्काळ जाणवते. म्हणून ‘आयडी’मध्ये दिशा नोंदविलेल्या बिंदूभोवती विजेरीच्या झोतासारखा एक फिकट त्रिकोणी पट्टा उमटतो. बाक तळ्याकडे तोंड करून असावयास हवा आणि झोत भिंतीवर पडलेला दिसला, तर नोंद तपासावयास हवी हे कोणालाही कळते. दोन्ही बाजूंना लागू असलेल्या वस्तूला दोन झोत दिसतात. कडे, आधारभिंती यांसारख्या रेषांवर एका बाजूस लहान त्रिकोण उमटतात, तर एकेरी रस्ते व प्रवाह यांवर बाण दिसतात. ‘जॉसम’मध्ये रंगशैलीचे नियम जोडून चिन्हच हव्या त्या अंशात वळविण्याची सोय आहे.

यामागील गणित अवघड नाही. झोताची आकृती मुळात वर, म्हणजे उत्तरेकडे, तोंड करून काढलेली असते. नोंदीतील अंशाइतकी ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरविली की काम झाले. सापेक्ष नोंद असल्यास संगणक त्या बिंदूपासून रेषेवरील शेजारच्या बिंदूकडे जाणारा कोन प्रथम काढतो व मग झोत फिरवितो. पडद्यावरील कोन व भूमीवरील कोन जुळतात, याचे श्रेय मर्केटरने १५६९ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशा-पद्धतीकडे जाते. या पद्धतीत ध्रुवांकडील प्रदेश प्रमाणाबाहेर मोठे दिसतात, परंतु त्या त्या ठिकाणचे कोन कायम राहतात. इंटरनेटवरील बहुतेक नकाशे याच पद्धतीच्या सुधारित रूपावर आधारलेले आहेत.

रस्त्यावर काढलेल्या छायाचित्रांनाही हेच तत्त्व लागू पडते. अनेक मोबाइल फोन छायाचित्रासोबत स्थान व दिशा नोंदवून ठेवतात. ‘मॅपिलरी’सारख्या संग्रहातील छायाचित्रे संपादन-प्रणालीत दाखविली की प्रत्येकापुढे झोत दिसतो आणि कोणते चित्र कोणत्या इमारतीचे, हे ओळखता येते.

नोंद घेताना घ्यावयाची काळजी

प्रत्यक्ष जागेवर दिशा मोजताना काही पथ्ये पाळणे इष्ट होय. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखविते, नकाशा भौगोलिक उत्तर मानतो. महाराष्ट्रात या दोहोंतील फरक अल्प असल्यामुळे व्यवहारात अडचण येत नाही. परंतु लोखंडी खांब, वाहन किंवा विजेचे यंत्र यांच्या सान्निध्यात मोबाइलमधील होकायंत्र बरेच चुकू शकते. खांबापासून काही पावले दूर उभे राहून मोजणी करावी आणि मग उपग्रहचित्रातील रस्त्याच्या रोखाशी ती ताडून पाहावी. निगराणी कॅमेऱ्यासाठी दिशेची स्वतंत्र नोंद असते. तेथे खांबाची बाजू न पाहता भिंगाचा रोख पाहावा. अंदाजच करावयाचा असेल, तर ‘१३७ अंश’ असा फसवा नेमकेपणा दाखविण्याऐवजी ‘आग्नेय’ एवढेच नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरते. झोत हे केवळ नोंदीचे चित्र आहे; नोंद चुकीची असेल तर झोतही तितक्याच स्पष्टपणे चुकीचा दिसेल, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रामपंचायतीच्या हद्दीतील एकेरी रस्ते, सूचनाफलक, ओढ्यानाल्यांचे प्रवाह यांची पाहणी करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक शिक्षक, चार विद्यार्थी आणि एक मोबाइल फोन एवढ्यावर एका वाडीचे काम होऊ शकते. या पाहणीत कोणती पाटी झाडाआड गेली आहे व कोणती वाऱ्याने फिरून भलतीकडे तोंड करून उभी आहे, हेही उघड होईल. तेथे प्रथम पाटी सरळ करावी आणि त्यानंतर तिची दिशा नकाशात नोंदवावी.