यंत्राने घेतलेल्या हरकती

बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळ्यापासून तळेगाव दाभाड्यापर्यंत पसरलेल्या मावळ तालुक्याचे महसुली दप्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आले. आणि या स्थित्यंतराची हकिकत जेव्हा सांगितली जाते तेव्हा ती योजनांच्या, उद्घाटनांच्या आणि संगणकीकृत गावांच्या संख्येच्या भाषेत सांगितली जाते. परंतु वडगावच्या कचेरीत, कामशेतच्या बाजारपेठेतील सेवा केंद्रांत आणि पवन, नाणे व आंदर या तिन्ही मावळांतील सजांत ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले, किंवा ते करून घेण्यासाठी ज्यांना हेलपाटे घालावे लागले, त्यांच्या स्मरणात निराळाच इतिहास राहिला आहे. तो पडद्यावर अवचित उमटणाऱ्या, काम अडवून धरणाऱ्या आणि बहुधा कोणी शेवटपर्यंत न वाचलेल्या त्रुटीसंदेशांचा इतिहास होय. त्या संदेशांचा मागोवा घेताना माझी अशी दृढ समजूत झाली आहे की, त्यांतील पुष्कळसे संदेश या नव्या यंत्राने आपल्या जुन्या दप्तरावर घेतलेल्या रास्त हरकती होत्या, आणि हरकत आली असता चौकशी कशी करावी हे ज्या खात्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याच्याच दारात त्यांतील कित्येक हरकती चौकशीवाचून पडून राहिल्या.

हरकत घेणारे कोणी नसले म्हणजे काय होते, याचा दाखला याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडतो. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे प्रांतात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची जी पद्धतशीर मोजणी केली, तीत प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावरून सारा ठरवण्याचे गणित मोठे सूक्ष्म होते. पण त्या गणिताला पुरवलेली मोजमापे आणि उत्पन्नाचे अंदाज सदोष असल्यामुळे सारा इतका जड झाला की रयत जमिनी टाकून जाऊ लागली, आणि अखेर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूरपासून पुन्हा मोजणी आरंभावी लागली. गणित कितीही सूक्ष्म असले तरी त्याला पुरवलेली सामग्री चुकीची आहे, हे गणित आपण होऊन सांगत नाही. ते सांगण्याची तजवीज कोणीतरी आधी करून ठेवावी लागते.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात अशी तजवीज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून होती. दरम्यानच्या काळात एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, एकेका गटाचे वारसांत तीन-चार पोटहिस्से पडले, पवना धरणासाठी आणि पुढे द्रुतगती मार्गासाठी जमिनी संपादित झाल्या. प्रत्येक प्रसंगी कोणा तलाठ्याने एक आकडा लिहिला आणि दप्तराच्या पुनर्लेखनात पुढच्या तलाठ्याने तो उतरवून घेतला. क्षेत्राची बेरीज जुळो वा न जुळो, नाव एके ठिकाणी ‘ज्ञानोबा’ आणि दुसरीकडे ‘ज्ञानू’ असे असो, कागदाने सर्व काही निमूटपणे सामावून घेतले.

केंद्र शासनाने १९८८-८९ साली भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. इतर जिल्ह्यांचे दप्तर त्यानंतर क्रमाक्रमाने संगणकात गेले. या पहिल्या टप्प्यातील अडचणी मुख्यतः लिपीच्या होत्या. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोलाचे कार्य केले आणि १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली; तथापि व्यवहारात ठिकठिकाणी निरनिराळे फॉन्ट वापरात राहिले, आणि एका फॉन्टात लिहिलेले नाव दुसऱ्या संगणकावर उघडले की त्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा रोमन अक्षरांचे कडबोळे दिसू लागे. युनिकोडमुळे हा गोंधळ पुष्कळ निवळला, पण निःशेष झाला नाही. ‘गोऱ्हे’ या आडनावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो : एकसंध संकेत म्हणून, अथवा साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांची जोडी म्हणून. माणसाच्या डोळ्याला दोन्ही रूपे एकच दिसतात; परंतु आज्ञावलीने तुलनेपूर्वी त्यांचे एकीकरण केले नसेल तर तिच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे होत, आणि ज्याचे नाव समोर ढळढळीत दिसत आहे त्या इसमाविषयी ती ‘नोंद आढळली नाही’ असा निर्वाळा देते. असा संदेश आला असता यंत्राला दूषणे देत बसण्यापेक्षा ते नाव खोडून एकाच कळफलकाने पुन्हा टंकित करून पाहावे, किंवा नावाऐवजी गट क्रमांकाने शोध घ्यावा, हा उपाय पुष्कळदा गुण देतो.

२०१० नंतरच्या दशकात ई-फेरफार प्रणाली आली आणि संगणकाचे काम टंकलेखनापुरते राहिले नाही. खरेदीचा असो वा वारसाचा, प्रत्येक फेरफार प्रणालीतून जाऊ लागला. तेव्हा प्रणाली प्रत्येक सातबाऱ्याचा ताळा पाहू लागली, आणि गटाचे एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ बसत नाही, ही तिची सर्वांत परिचित हरकत ठरली. या हरकतीचे मूळ किती निरुपद्रवी असू शकते, ते हिशेब मांडल्यावाचून ध्यानात येत नाही. एखादा गट पूर्वी २ एकर १५ गुंठ्यांचा, म्हणजे ९५ गुंठ्यांचा होता असे समजू. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर, त्या हिशेबाने गटाचे क्षेत्र ९६.११ आर भरते. तीन भावांत समान वाटणी केली तर प्रत्येकाला ३२.०३६ आर आणि वर काही अंश येतात. तलाठ्याने दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करून प्रत्येकाच्या नावे ३२.०४ आर लिहिले, आणि तिघांची बेरीज ९६.१२ आर झाली. वाढलेला ०.०१ आर म्हणजे अवघा एक चौरस मीटर. या एका चौरस मीटरने कागदावर कोणाचे काही अडवले नव्हते. प्रणालीने मात्र तो मेळ बसेपर्यंत फेरफार पुढे नेण्यास नकार दिला.

येथे दोन मार्ग संभवत होते. एक चौरस मीटर कोणा एका भावाच्या नावातून गुपचूप वजा करावा, म्हणजे संदेश नाहीसा होतो आणि काम पुढे सरकते. परंतु कोणाचे क्षेत्र का कमी झाले याचा मागमूस उरत नाही. दुसरा मार्ग लांबचा : मूळ फेरफार आणि वाटपाचा कागद काढावा, फरक पूर्णांकनाचा आहे की आकडा उतरवताना झालेला आहे हे ठरवावे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमादाची रीतसर दुरुस्ती करावी. कारण कधीकधी तीच हरकत पूर्णांकनाची नसते. पोटखराबा दोनदा धरलेला असतो, संपादित क्षेत्र कमी करायचे राहून गेलेले असते, किंवा मृत खातेदाराचे आणि त्याच्या वारसांचे क्षेत्र एकाच वेळी चालू दिसते. संदेश एकच, कारणे अनेक. म्हणून संदेश दूर करणे आणि कारण दूर करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, ही या साऱ्या काळाची पहिली शिकवण होय. मावळातल्या भातशेतीत शेवटच्या खाचरात पाणी पोहोचले नाही तर शेतकरी त्या खाचरात खणत बसत नाही, तो पाटाच्या काठाने वर चालत जातो आणि पाणी कोठे फुटले ते पाहतो. त्रुटीचा शोधही असाच, ती जेथे दिसली तेथून मागे चालत जाऊन घ्यावा लागतो.

२०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले, संगणकातील सातबारे खातेदारांना वाचून दाखवण्यात आले आणि त्यांच्या हरकती घेण्यात आल्या. पुढे १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात उपलब्ध झाला. नकलेसाठी सजावर जाण्याचे कारण त्यामुळे बरेचसे संपले, परंतु अडथळ्यांचे ठिकाण बदलले. आता मजकुरापेक्षा मार्ग अडू लागला. मावळचा पाऊस, खंडित होणारी वीज आणि रस्त्याच्या कामात तुटणारी केबल यांमुळे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर प्रत्येक प्रश्नाला मिळू लागले. वस्तुतः आंतरजालाचे संदेश याहून पुष्कळ अधिक सांगतात. ४०० च्या मालिकेतील आकडा आला, जसे की ४०४, तर विचारणाऱ्याच्या मागणीत दोष असल्याचे दूरच्या संगणकाचे म्हणणे असते, म्हणून पत्ता, प्रवेश किंवा भरलेली माहिती तपासावी. ५०० च्या मालिकेतील, जसे की ५०३, आला तर अडचण त्याच्या बाजूची आहे, आपण पुन्हापुन्हा कळ दाबल्याने भार वाढण्यापलीकडे काही साधत नाही. आणि आकडाच आला नाही, पानच उघडले नाही, तर मागणी बहुधा आपल्या गावाबाहेरच पडलेली नाही. तीन अवस्थांना तीन उपाय आहेत, आणि त्यांना एकच नाव दिल्याने उपायच हरवतो.

याचा एक प्रसंग मी नाणे मावळातील एका सेवा केंद्रात पाहिला. दोन दिवस वीज नव्हती. ती आल्यावर उतारा काढू लागले तो पडद्यावर जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येई. चालकाने केबल काढून लावली, संगणक बंद-चालू केला आणि समोरच्या वृद्ध शेतकऱ्याला सांगितले, “काका, साइट बंद आहे, उद्या या.” काका म्हणाले, “बाळा, कालबी तू हेच म्हणालास. मग ते काय म्हणतंय ते एका कागदावर लिहून दे, मी वडगावला दाखवतो.” नाइलाजाने तो मुलगा संदेश अक्षरशः उतरवू लागला, आणि प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही, या ओळीपाशी येऊन थांबला. त्याने कोपऱ्यातील घड्याळ पाहिले. तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. वीज नसताना घड्याळ चालते ठेवणारा संगणकातील छोटा सेल संपला होता, त्यामुळे यंत्र जुन्या तारखेवर आले होते, आणि त्या तारखेच्या दृष्टीने संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र अद्याप अस्तित्वातच आलेले नव्हते. तारीख दुरुस्त होताच उतारा निघाला. उपाय संदेशातच लिहिलेला होता. तो कोणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला नव्हता इतकेच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि त्रुटीसंदेश थेट शेतकऱ्याच्या हाती आला. २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये गटाच्या मध्यबिंदूपासून छायाचित्राच्या जागेपर्यंतचे अंतर दाखवण्याची आणि शेतकरी गटाबाहेर असल्यास तसे सूचित करण्याची सोय आली. बनावट नोंदींना आळा घालण्यास ही तपासणी आवश्यकच होती. पण डोंगरउतारावरील गट लांबट पट्ट्यासारखा असेल तर त्याच्या एका टोकाला उभा असलेला मालक मध्यबिंदूपासून बराच दूर असतो, आणि कड्याच्या आडोशाला उपग्रहांचे संकेत पुरेसे न मिळाल्यास मोबाइल स्वतःचे स्थान काही मीटर चुकवतो. अशा वेळी मोकळ्या जागी येऊन स्थान स्थिर होऊ द्यावे आणि मध्याच्या बाजूला सरकून पुन्हा पाहावे. आपल्याच बांधात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो दूर आहे असे सांगणाऱ्या यंत्राने त्याचे कारण आणि पुढचे पाऊलही त्याच्याच भाषेत सांगितले पाहिजे, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. काय घडले, कोणत्या नोंदीत घडले, दुरुस्ती कोणी करायची आणि तोवर भरलेली माहिती सुरक्षित आहे की नाही, या चार गोष्टी न सांगणारा संदेश अपुरा होय, मग तो इंग्रजीत असो वा मराठीत.

या साऱ्याचे महत्त्व कायद्यानेच ठरवून दिले आहे. अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असे कलम १५७ सांगते. म्हणजे चुकीची नोंद निमूटपणे आत गेली तर ती खरी म्हणूनच नांदते आणि ती खोडून काढण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर पडतो. प्रवेशद्वारी अडवणारा संदेश म्हणूनच त्या दुर्बल खातेदाराचा कैवारी आहे, आणि त्याला कसेबसे बगल देणारा उपाय त्याच्या विरुद्ध जातो. फेरफारावर माणसाने हरकत घेतली तर ती गाव नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, तिला क्रमांक मिळतो आणि तिचा निकाल लेखी होतो. यंत्राच्या हरकतीलाही हाच मान का मिळू नये? प्रत्येक सजात आणि प्रत्येक सेवा केंद्रात एक वही ठेवावी. तीत तारीख, गट क्रमांक, कोणते काम कोणत्या पायरीवर अडले, संदेशाचा शब्दशः मजकूर, केलेले उपाय एकेक करून आणि अखेरीस सापडलेले कारण लिहावे. वर्षभराच्या अशा नोंदींवरून कोणती चूक दप्तराची, कोणती प्रणालीची आणि कोणती केबलची, हे पुण्याच्या जमाबंदी आयुक्तालयालाही पुराव्यानिशी सांगता येईल, आणि एका सजात सुटलेले कोडे दुसऱ्या सजात पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागणार नाही. या तालुक्याने तीस वर्षांत संगणक वापरण्याची कला आत्मसात केली. त्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्यावर लेखी निकाल देण्याची शिस्त आता त्याने अंगी बाणवावी.