उपवास चालतो, मग पोटाचं पथ्य का नाही?

ग्रुपमध्ये कुणी म्हणालं, ‘आज माझी चतुर्थी आहे’, की विषय तिथेच संपतो. एक वडापाव कमी सांगितला जातो, कुणीतरी स्वतःहून बटाटा वेफर्सचं पाकीट पुढे करतं आणि गप्पा सुरू राहतात. ‘मी जैन आहे, कांदा-लसूण नको’ म्हटलं तरी तेच. पण तोच मित्र ‘अरे, मला गहू चालत नाही’ किंवा ‘दूध प्यायलं की माझं पोट बिघडतं’ असं म्हणाला की लगेच चौकशी आयोग बसतो. ‘कधीपासून?’ ‘एवढ्याशानं काय होतंय?’ ‘डाएट चाललंय का?’ ‘रील बघितलंस ना कुठलं तरी?’ आणि शेवटी तो ठेवणीतला शब्द येतोच. नखरे!

म्हणजे देवासाठी सोडलेलं आपल्याला कळतं, पोटासाठी सोडलेलं कळत नाही. त्यामुळे होतं काय, की ज्याला त्रास आहे तो गपचूप खातो, नंतर लेक्चरमध्ये पोट धरून बसतो किंवा डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये दाराशी घामाघूम उभा राहतो. सकाळच्या गर्दीत पोटात कळ आली तर काय होतं, हे या मार्गावर रोज जा-ये करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आधी थोडा गोंधळ दूर करू, कारण आपण सगळ्यालाच ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून मोकळे होतो. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती त्या पदार्थावर तुटून पडते. शेंगदाणा किंवा कोलंबी खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं ही त्याची लक्षणं. श्वास लागला तर घरगुती उपाय करत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. इन्टॉलरन्स म्हणजे न झेपणं. पचनसंस्थेला तो पदार्थ नीट हाताळता येत नाही, मग गॅस, कळा, जुलाब. त्रासदायक, पण जिवावरचं नाही. तिसरा प्रकार सिलिअ‍ॅक आजाराचा. यात गहू, जव यांच्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. तिघांची लक्षणं वरवर सारखी वाटू शकतात, पण पथ्याचं गणित पूर्ण वेगळं आहे.

दुधाचं बघा. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर लहानपणी भरपूर असतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत मोठेपणी कमी होत जातं. १९८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतीयांत साधारण २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांत साधारण ६७ टक्के लोकांना लॅक्टोज पचत नसल्याचं आढळलं होतं. आपण महाराष्ट्रवाले नकाशावर मधोमध, त्यामुळे एकाच बेंचवर दोन्ही प्रकारची पोटं बसलेली असणार! तेव्हा विशी गाठताना दूध बाधायला लागलं तर त्यात जगावेगळं काही नाही.

पण इथे प्रमाणाला महत्त्व आहे. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक कप दुधातलं लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. कटिंग चहात तर दूध जेमतेम दोन-तीन घोट. म्हणजे कट्ट्यावरचा चहा बंद करायची गरज बहुतेकांना नाही. दही-ताकात जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं. श्रीखंडाच्या चक्क्यातून पाण्याबरोबर आणखी थोडं निघून जातं. तुपात ते नावापुरतं. उलट बासुंदी, पेढे, रबडी, मिल्कशेक यांत ते दणकून असतं. तलावपाळीवर रात्री फेरफटका मारताना आइस्क्रीम खायचंच असेल तर ते रिकाम्या पोटी न खाता जेवणानंतर, थोडं खाऊन बघा, फरक पडतो.

घरी मात्र ‘दूध सोडलंस तर हाडांचं काय?’ हा प्रश्न येतोच, आणि आई-आजीचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात पिकतं. मुरबाड-शहापूरकडची नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. त्यातलं सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण नाचणीची भाकरी, तीळ, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे आणि रोजची वाटीभर दही-कढी असेल तर आजीला निश्चिंत राहायला हरकत नाही.

सिलिअ‍ॅकचं तसं नाही. तिथे ‘थोडंसं चालतं’ हे वाक्यच नाही. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन सलग तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं संशोधनात दिसलंय, आणि तेवढं ग्लुटेन पोळीच्या पन्नासाव्या भागात सहज असतं. या आजाराचं गव्हाशी असलेलं नातं डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५०मध्ये आपल्या प्रबंधातून मांडलं. १९४४-४५च्या युद्धातल्या उपासमारीत नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली होती. भारतात २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तरेकडे शंभरात एकाहून थोड्या जास्त, तर दक्षिणेकडे हजारात एक प्रौढ व्यक्तीच्या रक्तात या आजाराशी संबंधित अँटीबॉडी आढळल्या. कमी वाटतंय? भरगच्च कॉलेजात असा एखादा तरी असू शकतो. आणि कदाचित त्याचं त्यालाही माहीत नसेल, कारण लक्षण पोटदुखीच असेल असं नाही. वर्षानुवर्षं न वाढणारं हिमोग्लोबिन हेही त्याचं लक्षण असू शकतं.

मग बाहेर खायचं काय? ठाणे स्टेशनजवळचा कुंजविहारचा वडापाव, मामलेदारची मिसळ, उल्हासनगरची दाल-पकवान... आपल्या खाऊगिरीचा अर्धा नकाशा पाव आणि मैद्यावर उभा आहे. ‘पाव नको, नुसता वडा दे’ असं म्हणून सुटका होत नाही. वडा बेसनाचा असला तरी त्याच कढईत आधी समोसे तळलेले असतात. चायनीज भेळेतल्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. रवा डोसा, शिरा, शेवया, लापशी ही सगळी गव्हाचीच पोरं. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू असतो. आणि सगळ्यात बेरकी म्हणजे हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारात मिळतो तो बांधानी हिंग, म्हणजे पीठ मिसळलेला. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे वरण-भातासारखं साधं जेवणही चिमूटभर हिंगामुळे सिलिअ‍ॅकवाल्याला वर्ज्य होऊ शकतं. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो, फक्त डबी उलटी करून वाचायची सवय हवी. पॅकबंद पदार्थांवर ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि इतर कठीण कवचाची फळं, सोयाबीन यांचा उल्लेख करणं एफएसएसएआयच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक केलंय. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये.

गाडीवर कुठलं लेबल? तिथे तोंड उघडायचं. पण ‘यात ग्लुटेन आहे का?’ असं विचारलंत तर समोरचे काका बिचारे नकारार्थी मान हलवणार, कारण तो शब्द त्यांच्या धंद्यातला नाही. ‘काका, यात गहू, मैदा, रवा, कशाचं पीठ आहे? तळण कशात?’ असं विचारा, अचूक उत्तर मिळतं.

आता त्या चतुर्थीकडे परत येऊ. आपल्याकडचा उपवासाचा मेन्यू एकदा नीट बघा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं. गहू नाही, हिंगही नाही! परदेशात ज्यासाठी वेगळं दुकान शोधावं लागतं ते डोंबिवलीतल्या कुठल्याही मराठमोळ्या उपाहारगृहात मिळतं. गहू न चालणाऱ्याला बाहेर काही सुचलंच नाही तर ‘उपवासाचं काय आहे?’ हा प्रश्न कामी येतो. फक्त हे रोजचं जेवण नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च आणि वडा तर तेलात पोहलेला, तोही कुठल्या तेलात ते विचारायचंच. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी हाच मेन्यू सगळ्यात धोक्याचा, कारण दाण्याचं कूट जिथे तिथे.

‘जैन’ हा शब्दही असाच उपयोगी. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. ती कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत, पण संवेदनशील आतड्याच्या लोकांना त्यांचा भारी त्रास होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बेतलेला आहार ‘लो फॉडमॅप’ नावाने जगभर पोहोचवला. आपल्याकडे त्यातली कांदा-लसणाची बाजू प्रत्येक पावभाजीच्या गाडीवर आधीच लिहिलेली आहे. घरच्यासाठी एक युक्ती सांगते. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या की स्वाद राहतो आणि त्रास टळतो.

पण आपल्याला नेमकं काय झेपत नाही हे ठरवायचं कसं? इथे घाई नडते. मैदा बाधतो पण घरच्या पोळ्या मजेत पचतात, असं असेल तर दोष ग्लुटेनचा नाही, कारण ते दोन्हींत आहे. मग बघा की तो पदार्थ तळलेला होता का, सकाळी सहाला चहा-बिस्किटांवर निघून थेट दोनला खाल्लं होतं का, लोकल पकडायची म्हणून चार मिनिटांत फ्रँकी कोंबली होती का. भराभर गिळताना पोटात हवाही जाते. दोन-तीन आठवडे फोनमध्ये साध्या नोंदी करा. काय खाल्लं, किती वाजता, कसं खाल्लं, नंतर काय झालं. मग एका वेळी एकच पदार्थ काही दिवस बंद करून परत सुरू करायचा. एकदम दूध, गहू, कांदा, डाळ सगळं सोडलं तर काहीच कळत नाही, वर अशक्तपणा येतो.

गव्हाचा संशय असेल तर मात्र क्रम उलटा. आधी डॉक्टर, मग पथ्य. सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. महिनाभर गहू सोडून गेलात तर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. लॅक्टोजसाठी श्वासातला हायड्रोजन मोजणारी चाचणी असते. फॅमिली डॉक्टर नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, इथल्या ओपीडीत सुरुवात करता येते. त्याऐवजी इन्स्टावर दिसणारी ‘एका थेंबात २०० पदार्थांची तपासणी’ करणारी महागडी आयजीजी टेस्ट घेऊ नका. तो आकडा तुम्ही काय खाता ते दाखवतो, काय झेपत नाही ते नाही. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८मध्येच ही चाचणी निदानासाठी वापरू नये असं सांगितलंय.

खर्चाचं म्हणाल तर ग्लुटेन-फ्री ब्रेड विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाही आणि त्याची फारशी गरजही नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी काही ट्रेंड म्हणून आलेली नाही. गल्लोगल्लीच्या पोळीभाजी केंद्रांत ज्वारी-तांदळाच्या भाकऱ्या मिळतात. सिलिअ‍ॅक असेल तर त्या कुठल्या परातीत आणि तव्यावर केल्या तेही विचारावं लागतं. दळणाचंही तेच, गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यावर नाचणी पडली की मिसळ झालीच. उपवासाचं दळण वेगळं करणारी गिरणी जवळपास असेल तर तिथे जा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे मित्राच्या घरची पूजा. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवाही आणि दूधही, आणि काकू तर प्रेमाने वाटी भरून देतात. दूध न झेपणाऱ्याने चमचाभर खाल्ला तर बहुधा काही होत नाही. सिलिअ‍ॅकवाल्याने प्रसाद हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारी बसलेल्याला द्यायचा. अशा वेळी शेजारच्याने ‘अरे, खा ना थोडा’ असं न म्हणता तो मुकाट्याने आपल्या तोंडात टाकायचा. शिरा आहे, कोण नाही म्हणणार?