थेंबातील जीवांना देश असतो का?

कांगारू ऑस्ट्रेलियाचा, जिराफ आफ्रिकेचा, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मोठ्या प्राण्यांना आपापला प्रदेश असतो. तळ्याच्या पाण्यातील एकपेशीय जीवांचे मात्र काय? त्यांनाही मायभूमी असते की ते जगभर सारखेच आढळतात? या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना अनेक दशके दोन तटांत विभागले आहे. एखादे तळे बुजवले तर नेमके काय नष्ट होते, हेही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा वाद विशेष रंगला तो पक्ष्माभिकाधारी जीवांवरून. पक्ष्माभिका म्हणजे अंगावरील केसांसारखे आखूड तंतू. ते वल्ह्यांप्रमाणे हलवून हे जीव पोहतात आणि अन्न तोंडाकडे ओढतात. पाठ्यपुस्तकातील चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम, कर्ण्यासारखा स्टेंटर आणि देठावर घंटेसारखा डोलणारा व्हॉर्टिसेला हे सारे याच कुळातील. जिवाणू आणि सूक्ष्म शैवाल खाऊन ते जगतात, आणि स्वतः पाण्यातील लहान प्राण्यांचे भक्ष्य होतात. जिवाणूंमधील पोषण वरच्या जीवांपर्यंत पोहोचवणारा हा महत्त्वाचा दुवा आहे.

सूक्ष्मजीव सर्वत्र पोहोचलेले असतात, पण कोठे कोण वाढेल हे परिस्थिती ठरवते, असा विचार डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी १९३४ मध्ये मांडला. ब्लांड फिन्ले आणि टॉम फेंचेल यांनी पुढे तो पक्ष्माभिकाधारी जीवांना लागू केला. त्यांचा युक्तिवाद संख्येवर उभा होता. जीव जितका लहान, तितकी त्याची संख्या अफाट, आणि वारा, पाणी वा पक्ष्यांच्या पायांना लागलेला चिखल यांबरोबर दूर जाण्याची शक्यताही तितकी अधिक. शिवाय यांतील अनेक जीव प्रतिकूल काळात स्वतःभोवती कवच तयार करून सुप्त राहतात. या अवस्थेला पुटी म्हणतात.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये प्रीस्ट पॉट नावाचे सुमारे एक हेक्टरचे तळे आहे. तेथील गाळाच्या नमुन्यात प्रारंभी सुमारे २० प्रजाती दिसल्या. तोच गाळ प्रयोगशाळेत निरनिराळ्या परिस्थितींत ठेवल्यावर हा आकडा १०० च्या पुढे गेला. म्हणजे उरलेल्या प्रजाती तेथेच होत्या, फक्त अनुकूल वेळेची वाट पाहत होत्या. मुक्तपणे जगणाऱ्या पक्ष्माभिकाधारी प्रजाती जगात सुमारे ३,००० असाव्यात आणि बहुतेक सर्वत्र आढळत असाव्यात, असा अंदाज या गटाने १९९६ मध्ये मांडला.

ऑस्ट्रियातील विल्हेल्म फॉइसनर यांना हे मान्य नव्हते. नामिबियातील मातीचा अभ्यास करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शंभराहून अधिक नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. शेवाळे आणि नेचे यांचे बीजाणूही सूक्ष्म असतात, वाऱ्यावर उडतात, तरीही त्यांच्या अनेक प्रजाती ठरावीक प्रदेशातच आढळतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सुमारे ३० टक्के पक्ष्माभिकाधारी प्रजाती प्रदेशनिष्ठ असाव्यात आणि एकूण संख्या ३०,००० च्या आसपास असावी, असे त्यांचे मत होते.

पुराव्यांचे पारडे मात्र एका बाजूला सहज झुकत नाही. लॉक्सोडीस रेक्स हा एक मिलिमीटरहून लांब वाढणारा जीव केवळ उष्णकटिबंधीय आफ्रिकेतील मानला जाई. पुढे तो थायलंडमध्येही सापडला. ‘येथे नाही’ असे म्हणण्यापूर्वी येथे पुरेसा शोध घेतला होता का, हा प्रश्न म्हणूनच निर्णायक ठरतो.

दुसरी अडचण ‘प्रजाती’ या शब्दातच आहे. पॅरामेशियम ऑरेलिया ही एकच प्रजाती मानली जात होती. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे हे जीव परस्परांशी सरसकट संकर करीत नाहीत, असे ट्रेसी सोनबॉर्न यांनी दाखवले आणि १९७५ मध्ये त्यांना १४ स्वतंत्र नावे दिली. त्यांतील काही जगभर आढळतात, तर काहींची नोंद मोजक्याच ठिकाणी झाली आहे. म्हणजे बाह्यरूपावरून पाहिले तर विश्वसंचारी एकच जीव आणि वंशावरून पाहिले तर स्थानिक मर्यादा असलेली अनेक घराणी! दोन्ही पक्षांच्या आकड्यांतील तफावतीचे एक कारण येथे आहे.

या वादाचे मोल व्यवहारातही आहे. सर्व प्रजाती सर्वत्र असतील, तर एक तळे बुजवल्याने स्थानिक अन्नसाखळी तुटेल, पण जगातून एकही सूक्ष्म प्रजाती जाणार नाही. प्रदेशनिष्ठ प्रजाती असतील, तर नाव मिळण्यापूर्वीच एखादा वंश संपू शकतो. कुडचडेचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. अशा पाणथळांचे महत्त्व सांगताना प्रामुख्याने पक्षी, मासे आणि वनस्पती डोळ्यांपुढे येतात. जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात साचणारी आणि हिवाळ्यापर्यंत आटणारी डबकी तर कोणाच्या खिजगणतीतही नसतात. वास्तविक पुटीच्या रूपाने सुप्त राहणाऱ्या जीवांसाठी अशी जागा अत्यंत सोयीची. हा वाद मिटेपर्यंत सड्यावरचे डबके रिकामे समजून त्यावर भराव टाकणे म्हणजे न वाचलेले पुस्तक रद्दीत घालण्यासारखे आहे.